चिबडातली लपण : कामाच्या नोंदी

जागा : शिरोळ तालुका, कृष्णाकाठापासून थोडं आत, मामांच्या मालकीच्या रानातला सखल तुकडा. काम : जमिनीत पुरलेली लोखंडी पेटी. आत दोन माणसं बसतील आणि पाण्यावरची बदकं त्यांच्याच उंचीवरून बघता येतील, फोटो काढता येतील. बंदुकीचा काही संबंध नाही.

१४ जानेवारी

रानाची पाहणी. एकूण सव्वा एकर चिबड, म्हणजे पाणी मुरून क्षारपड झालेलं रान, त्यातल्या वीसेक गुंठ्यांत दसऱ्यापासून होळीपर्यंत पाणी उभं असतं. आजोबांच्या वेळी इथं ज्वारी आणि हरभरा व्हायचा. पुढं ऊस आला, पाटानं मोकाट पाणी सुरू झालं, वरच्या रानांचा पाझर खाली उतरत गेला आणि क्षार वर आले. आता कडेला पांढरा थर दिसतो, पायाखाली पापडी मोडते. मधे पाणकणीस, कडेनं लव्हाळा. उसाच्या हिशेबात हे रान कधीच मेलंय. पक्ष्यांच्या हिशेबात तालुक्यातल्या चांगल्या जागांपैकी ही एक आहे.

आज सकाळी बांधावरून दिसलेले : थापट्या बदकांचा मोठा थवा, भुवई बदकं, चक्रांग, हळदी-कुंकू बदकांच्या जोड्या, लांब कडेला चक्रवाक. शेकाटे सगळीकडे. मी बांधावर उभा राहिलो तसा अख्खा थवा पलीकडच्या कडेला सरकला. बांध पाण्यापासून चार फूट उंच, त्यामुळं फोटोही वरून खाली बघितल्यासारखे येतात, पाठीमागं नुसता चिखल. बदकाचा डोळा आणि आपला डोळा एका पातळीत आला तरच त्याची ठेवण कळते. त्यासाठी जमिनीत उतरायलाच हवं. बांबू-गोणपाटाची उभी लपण इथं चालणार नाही. सपाट रानात तेवढी एकच वस्तू उठून दिसेल.

२६ जानेवारी

दिवसभर ऊन आणि वारा बघितला. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, दक्षिणेकडून फिरतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. पेटी पाण्याच्या दक्षिण कडेला ठेवून तोंड उत्तरेला केलं तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा ऊन आपल्या पाठीमागून येतं.

वाऱ्याचं गणित मात्र उलटं आहे. बदक वाऱ्याकडं तोंड करून उतरतं आणि बसतंही तसंच. इथं थंडीत वारा बहुतेक ईशान्येचा, म्हणजे दक्षिणेला बसलेल्याला त्यांच्या पाठी दिसणार. शिकारी लोक वारा पाठीवर घेऊनच बसतात, कारण बदक समोरून उतरायला हवं असतं. मी उन्हाच्या बाजूनं कौल दिला. सकाळी नऊ-साडेनवापर्यंत इथं वारा जवळजवळ पडलेलाच असतो, आणि चांगलं ऊनही तेवढ्याच वेळाचं.

जागा नक्की केली : दक्षिण बांधापासून चार मीटर आत. बांधावर मशीन उभं राहू शकेल आणि बांधाच्या आडानं चालत येता येईल.

९ फेब्रुवारी

रचनेवर बसलो. जमिनीत पुरलेल्या पेटीचं हे तंत्र मूळचं बदकांच्या शिकाऱ्यांचं. अमेरिकेत आर्कान्सासच्या भातशेतीत, स्टटगार्ट गावाच्या आसपास, हिवाळ्यात शेतात पाणी धरून ठेवतात आणि बांधालगत लोखंडाच्या किंवा फायबरच्या पेट्या पुरतात. वर सरकतं झाकण, त्यावर भाताचा पेंढा. तिथं शिकार परवान्यानं चालते. १९३४ पासून सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला 'डक स्टॅम्प' नावाचं सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं आणि तो पैसा पाणथळ जागा राखण्यावर खर्च होतो. १९९१ पासून बदकांवर शिशाचे छर्रे झाडायला देशभर बंदी आहे, कारण चिखलात पडलेलं शिसं गिळून पक्षी मरायचे. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर बंधनं आली, १९९१ च्या दुरुस्तीनं ती पूर्ण बंद झाली आणि ते योग्यच झालं. पण त्या लोकांनी ओल्या रानात बसण्याचे सगळे प्रश्न शंभर वर्षं सोडवलेत. ते ज्ञान बंदुकीशिवायही कामाला येतं.

पहिला प्रश्न तरंगण्याचा. ओल्या जमिनीत पुरलेली रिकामी पेटी म्हणजे होडीच. माझं माप : लांबी २.४ मीटर, रुंदी १.२ मीटर, उंची १.२ मीटर, त्यातली १० सेंटीमीटर कड जमिनीच्या वर. भूजल अगदी जमिनीपर्यंत आलं तर पेटी २.४ गुणिले १.२ गुणिले १.१, म्हणजे साधारण ३.१७ घनमीटर पाणी बाजूला सारते. वर ढकलणारा जोर ३.१७ टन. तीन मिलिमीटर पत्र्याची पेटी, अँगलसकट, भरते जेमतेम ३४० किलो. दोन माणसं आत बसली तरी काही फरक पडत नाही. एका पावसात पेटी जमिनीतून वर येईल.

उपाय वजनाचाच, पण ते वजन पेटीत नको. खाली काँक्रीटचा राफ्ट, म्हणजे सपाट जाड पाया, पेटीपेक्षा चारी बाजूंनी एक फूट जास्त : ३ मीटर बाय १.८ मीटर, जाडी २०० मिलिमीटर. त्याचं वजन २.७ टन, पण तो स्वतःच पाण्यात असल्यानं कामाला येतात सुमारे १.६ टन. बाहेर आलेल्या त्या एक फुटाच्या पायरीवर जी माती बसते ती खरी राखणदार. पायरीचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर, मातीची उंची १.१ मीटर. पाण्यात बुडलेल्या मातीचं वजन घनमीटरला ८०० किलो धरलं तरी सव्वादोन टन भरतात. सगळं मिळून सुमारे ४.२ टन, विरुद्ध ३.१७. एकास १.३ ची सुरक्षा. चालेल.

दुसरा प्रश्न काळ्या मातीचा. ही माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगा पडतात. फुगताना पेटीच्या बाजू आत दाबेल. म्हणून मधल्या उंचीवर आणि वरच्या कडेला ४० बाय ५ च्या अँगलचा पट्टा, आणि पेटीभोवती काळ्या मातीऐवजी मुरूम.

तिसरा प्रश्न क्षारांचा. रेड ऑक्साइडचा रंग इथं दोन पावसाळे टिकणार नाही. बाहेरून कोल टार इपॉक्सीचे दोन हात, काँक्रीटला स्लॅग सिमेंट.

सिमेंटच्या विहिरीच्या रिंगा वापराव्यात असंही मनात होतं. स्वस्त पडतात. पण सांध्यांतून पाणी येत राहतं, आणि गोल रिंगेत दोन माणसं ट्रायपॉडसकट शेजारी बसत नाहीत.

२ मार्च

मामांशी मोकळं बोललो. तालुक्यात बऱ्याच गावांत जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड रानं परत लागवडीखाली आली आहेत. या शिवारातही शेतकऱ्यांची बैठक झाली. योजना आली तर मामा सामील होणार. त्यांनी सरळ सांगितलं, "तुझी बदकं खरीच, पण हितं माझ्या बापानं ज्वारी काढलीया. रान परत आलं तर मी न्हाई म्हनणार न्हाई."

त्यांचं बरोबर आहे आणि मला ते पटतं. हे पाणथळ माणसाच्या चुकीनं तयार झालंय. ती चूक दुरुस्त करण्याचा हक्क रानाच्या मालकाचा. त्यामुळं रचनेत एक बदल : पेटी राफ्टमध्ये ओतायची नाही, बोल्टांवर बसवायची. बाहेरून आठ कान, राफ्टमधून वर येणारे १६ मिलिमीटरचे आठ बोल्ट. मुरूम काढला, नट सोडले की पेटी उचलून दुसरीकडं नेता आली पाहिजे. राफ्ट तेवढा राहील, तोही नांगराच्या खोलीच्या बराच खाली.

२३ मार्च

अडीच इंची पीव्हीसी पाइपला भोकं पाडून, जाळी गुंडाळून पेटीच्या जागेशेजारी उभा गाडला होता. दोरीला नट बांधून पाणी मोजतो. जानेवारीत जमिनीखाली २० सेंटीमीटर, आज ५५. वरच्या रानात उसाला पाणी फिरलं की दोन दिवसांत हातभर वर येतं. खोदाईच्या आठवड्यात वरचं पाणी बंद ठेवायला शेजारी तयार आहेत.

१३ एप्रिल

इचलकरंजीत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पेटी उभी राहिली. मिस्त्रींनी सांधे आतून आणि बाहेरून सलग वेल्ड मारलेत, तुकड्यातुकड्यानं नाही. पत्रा तापून वाकू नये म्हणून एका बाजूला थोडं, मग समोरच्या बाजूला थोडं, असं काम चालू होतं. आत एका कोपऱ्यात नऊ इंचांचा खड्डा ठेवला, पावसाचं नि दवाचं पाणी तिथं जमा होऊन हातपंपानं उपसता यावं म्हणून.

बसायचा बाक १८ इंचांवर. बसलेल्या माणसाचा डोळा बाकापासून अडीच फूट वर धरला तर लेन्स जमिनीपासून टीचभर उंचीवर येते. पाणी त्याच्याही वीतभर खाली. यापेक्षा खाली गेलं तर समोरचा लव्हाळाच दिसेल.

१९ एप्रिल

गळती तपासली. पद्धत जुनी आणि बिनचूक. बाहेरून सगळ्या वेल्डवर चुन्याचा हात फिरवायचा, वाळू द्यायचा, आणि आतून त्याच सांध्यावर रॉकेल लावायचं. रॉकेल आता मिळत नाही, डिझेल वापरलं. जिथं सुईएवढं भोक असेल तिथं पांढऱ्या चुन्यावर काळपट ठिपका उमटतो. अर्ध्या तासात तळाच्या सांध्यावर तीन ठिपके आले. ग्राइंडरनं तेवढा भाग खोलून परत वेल्ड केलं, पुन्हा चुना, पुन्हा डिझेल. स्वच्छ. त्यानंतर इपॉक्सीचा पहिला हात.

३ मे

जेसीबी उद्या येणार होता. आज बांधावर मशीनच्या जागेची आखणी करायला गेलो तर टिटवी डोक्यावर. ओरडत झेपा घेत होती, मग पंख पाडून लंगडल्यासारखी पळत मला दुसरीकडं ओढू लागली. म्हणजे अंडी जवळच. पाऊल उचलायच्या आधी जमीन नीट बघितली. बांधाच्या माथ्यावर, ढेकळांच्या खळग्यात चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली. मातीच्या रंगावर काळे डाग. तिथं अंडी आहेत हे कळल्यावरही नजर हलवली की परत शोधावी लागत होती.

मामा म्हणाले ती तिथं दोन आठवड्यांपासून बसते. बांधावर अंडी म्हणजे औंदा पाऊस जोरात, हेही म्हणाले. टिटवीची अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात. जेसीबी रद्द केला. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धरला तर मधे पंधरा दिवस मिळतात. पक्ष्यांसाठी काम करायचं आणि पक्ष्याचंच घर मशीनखाली घालायचं, हे होणार नाही.

१६ मे

पिल्लं बाहेर. काल सकाळी खळगा रिकामा, दुपारी आई पिल्लांना घेऊन पलीकडच्या लव्हाळ्यात. टिटवीचं पिल्लू अंगावरचं ओलं सुकलं की पायावर उभं राहतं, घरट्यात थांबत नाही. जेसीबीला उद्याची वेळ दिली. पाइपातलं पाणी १०५ सेंटीमीटरवर.

१७ मे

खोदाई. वरचा फूटभर थर टणक, भेगाळलेला. त्याखाली चिकट, काळा, बोटाला चिकटला की सुटत नाही असा. दीड मीटरवर बाजू सुटायला लागल्या म्हणून खड्ड्याच्या कडा उभ्या न ठेवता उतरत्या घेतल्या. जागा जास्त गेली, मुरूमही जास्त लागणार, पण खाली माणूस उतरणार असेल तर दुसरा विचार करायचा नाही. लव्हाळ्याची वरची ढेपं मुळांसकट वेगळी काढून सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवली. ती परत लावायची आहेत.

एका कोपऱ्यात दोन फूट खोल खळगा काढला आणि त्यात चिखलपंप सोडला. पाणी चारी बाजूंनी झिरपत होतं, पण पंपाला आवरत होतं.

संध्याकाळपर्यंत बांधावर निम्मं गाव. एवढा नेमका चौकोनी खड्डा बघून पहिली शंका गुप्तधनाची. मामांनी सगळ्यांना पेटीचा कागदावरचा नकाशा दाखवला, मी मोबाईलवर थापट्यांचे फोटो. आठवी-नववीतली चार पोरं शेवटपर्यंत थांबली. त्यांना हिवाळ्यात आत बसवायचं कबूल केलंय. वनपालांना आधीच सांगून ठेवलं होतं. तेही बघून गेले.

१९ मे

काल दगडाचं सोलिंग आणि त्यावर बिनसळीच्या काँक्रीटचा (पीसीसी) पातळ थर. आज राफ्ट. १० मिलिमीटर सळीची जाळी १५० मिलिमीटर अंतरावर, खाली-वर दोन थर, सळीवर काँक्रीटचं कव्हर पूर्ण ५० मिलिमीटर. क्षाराच्या जमिनीत कव्हरवर कंजुषी केली तर सळी फुगून काँक्रीट फोडते. बोल्ट जागचे हलू नयेत म्हणून पेटीच्या तळाच्या मापाचा पत्र्याचा साचा केला होता आणि बोल्ट त्यातून घातले. सिमेंट नऊ पोती. पाणी गावातल्या टाकीचं, टँकरनं आणलेलं. चिबडातलं पाणी काँक्रीटमध्ये चालत नाही, वर मारायलाही नाही. त्यामुळं पंप रात्रभर चालू ठेवून, राफ्टवर गोणपाट टाकून गोडं पाणी मारायचं. हे काम मामांनी स्वतःकडं घेतलं.

२५ मे

पेटी बसली. ट्रॅक्टर-ट्रॉलीतून बांधापर्यंत, तिथून जेसीबीच्या बकेटला साखळी लावून खाली. आठही बोल्ट कानांत उतरले. एका बाजूला चार मिलिमीटर उतार होता, पत्र्याच्या पट्ट्या घालून लेव्हल केली. नट आवळले, त्यावर इपॉक्सी नाही तर ग्रीस, आणि रबरी टोप्या. कधीतरी सोडायचे आहेत.

आकाश दुपारनंतर भरून आलं होतं. पंप काढला नाही. पायरीवर माती नसताना पाणी वर आलं तर राफ्टसकट पेटी हलू शकते.

२९ मे

मुरूम भरून झाला. खड्ड्याच्या कडा उतरत्या घेतल्यामुळं चार ब्रास लागला. वीतभर थर, पाणी, धुम्मस, परत थर. पेटीच्या चारी बाजू सारख्या वाढवत नेल्या, एकीकडंच भरली तर पत्रा ढकलला जातो. वरचा फूटभर मूळच्याच काळ्या मातीचा. त्यावर लव्हाळ्याची ढेपं जिथल्या तिथं. संध्याकाळी पंप बंद केला. सकाळी पाइपातलं पाणी हातभर चढलेलं, पेटी जागची हलली नव्हती. कडेवर केलेली खूण आणि बांधावरच्या दगडावरची खूण जुळवून बघितली.

२२ जून

पावसाळ्याची व्यवस्था. वरचं झाकण अजून बनवलेलंच नाही, मुद्दाम. पुरात ते वाहून गेलं असतं. पेटी पंपानं काठोकाठ भरून टाकली. आत-बाहेर पाणी सारखं असलं की वर ढकलणारा जोरच उरत नाही, आणि आधीच भरलेल्या पेटीत गाळही कमी शिरतो. आत एक खडबडीत फळी तिरकी लावली. पत्र्याची बाजू गुळगुळीत असते, पडलेला बेडूक किंवा साप चढू शकत नाही. चार कोपऱ्यांना लाल फडकी बांधलेले बांबू, कुणी जनावर किंवा माणूस आत पडू नये म्हणून.

२८ जुलै

पाणी आलं. २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर या तालुक्यानं बघितलाय, त्यामानानं हे नेहमीचं. तरी चिबड, बांध, शेजारचा ऊस, सगळं एकच दिसतंय. बांबूंची टोकं तेवढी वर. मामांचं घर गावठाणात उंचावर आहे, जनावरं सुरक्षित.

५ ऑक्टोबर

पूर ओसरून बरेच दिवस झाले. आज पेटी उपसली. तळाला गुडघ्याच्या खाली येईल एवढा गाळ, त्यात लहान मासे, बेडूक आणि एक पाणदिवड. दिवड फळीवरच अंग टाकून होती. बिनविषारी आहे, पण डिवचली तर कडकडून चावते. काठीनं वाट दाखवली, ती पाण्यात गेली. मासे बादलीनं पलीकडं सोडले. गाळ काढायला चार पोरांतली तीन पोरं आली.

आतून धुतल्यावर सांधे तपासले. एका ठिकाणी वरच्या कडेचा रंग ओंडका घासून निघालाय, तो परत लावला. लेव्हल मेमध्ये होती तीच. लव्हाळा ढेपांतून असा पसरलाय की पेटीची कड कुठं सुरू होते ते पायानं चाचपावं लागतं. एप्रिल-मेमध्ये काम केल्याचा हाच फायदा. हिवाळ्यात खोदलं असतं तर पक्षी उठले असते, आणि उघडी माती पुढच्या पावसापर्यंत तशीच दिसली असती.

१९ ऑक्टोबर

झाकण. एक इंची स्क्वेअर पाइपची चौकट, दोन भागांत, मागच्या कडेला बिजागऱ्या. त्यावर कोंबडी-जाळी, जाळीवर शेडनेट. पुढच्या बाजूला टेकूवर झाकण वीतभर उचललेलं राहतं, त्या फटीतून लेन्स. फटीवरही जाळीचा पडदा.

उडणारं बदक उतरण्याआधी दोन-तीन घिरट्या घालतं आणि वरून बघतं. वरून त्याला सगळ्यात जास्त खटकतो तो काळा चौकोन. म्हणून झाकण अर्धवट चालत नाही, पूर्ण झाकलेलं हवं, आणि त्यावरचं गवत आजूबाजूच्या गवताच्याच रंगाचं. उसाचं पाचट भरपूर आहे, पण ते वाळून पांढरं चमकतं. त्यामुळं फक्त लव्हाळा आणि पाणकणसाची पानं, आणि तीही पेटीजवळची न कापता लांबची. दर पंधरवड्याला थोडं बदलावं लागेल, कारण रान थंडीत हिरव्याचं पिवळं होत जातं.

दाणे टाकणार नाही, आवाज लावणार नाही, प्लॅस्टिकची बदकं मांडणार नाही. पक्षी त्यांच्या कामासाठी येतात, तेच बघायचं.

९ नोव्हेंबर

पहिली बैठक. पहाटे पाचला बांधावर. आधी झाकण पूर्ण उघडून पाव तास थांबलो. चिबडाच्या गाळातून वायू सुटतो आणि खोलगट जागेत साठतो. मग बॅटरीनं कानाकोपरा, बाकाखालीसुद्धा. या भागात घोणस आहे, हात घालायच्या आधी डोळा घालायचा.

मामा सोबत आले होते. दोघांनी मिळून आत जायचं, एकानं दोन मिनिटांनी बाहेर पडून बांधावरून सरळ निघून जायचं, ही जुनी युक्ती आहे. आलेला माणूस गेला एवढं पक्ष्यांना पुरतं. मामा गेले आणि उजाडायच्या आधीच समोर शेकाट्यांची किरकिर सुरू झाली.

लोखंडी पेटीत बसल्यावर बाहेरचा आवाज वेगळाच येतो. बदक उतरताना पंखांची सळसळ डोक्यावरून जाते, मग पाण्यावर पाय घासत गेल्याचा लांबट आवाज. काही दिसत नव्हतं, पण किती उतरली याचा अंदाज येत होता.

उजाडल्यावर पहिली जवळ आली ती तुतवार. शेपूट वरखाली करत फटीच्या समोरून अशी गेली की लेन्स तेवढ्या जवळ फोकसच होत नव्हती. मागं हळदी-कुंकू बदकांची जोडी. चोचीच्या टोकाचा पिवळा आणि कपाळाजवळचे दोन लाल ठिपके, पहिल्यांदाच समोरून, बरोबरीच्या उंचीवरून बघितले. थापटे लांबच राहिले. नर अजून मादीसारखेच तपकिरी, रंग भरायला वेळ आहे.

अडचण एकच, दव. गार पत्र्यावर श्वासाची वाफ बसते आणि झाकणाच्या पाइपवरून थेंब कॅमेऱ्यावर पडतात. आतून काथ्याची चटई लावायची, पाइपना सुतळी गुंडाळायची.

३० नोव्हेंबर

चटई आणि सुतळीचा उपयोग झाला. दव अजून येतं, पण टपकत नाही. हातपंप रोज लागत नाही.

पोरांना आत बसवलं, दोघं-दोघं. एकानं पाणलावा स्वतः शोधला. तो समोरच चिखलात दबून बसला होता आणि मला तोवर दिसलेला नव्हता. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून खालून फिरला आणि सगळा थवा एकदम उठला. आधी पोरांना वाटलं आपल्यामुळंच उडाले. भोवत्या निघून गेल्यावर पाच मिनिटांत सगळे परत जागेवर. मग फरक कळला : माणसाला घाबरलेला थवा इतक्या लवकर परतत नाही.

बाहेर पडायचा नियम पक्का केला. समोर पक्षी असतील तर उठायचं नाही, ते स्वतः सरकेपर्यंत थांबायचं. परवा त्यामुळं कामावर जायला उशीर झाला. नियम तोच राहणार.

२१ डिसेंबर

थापटे शेवटी जवळ आले, आठ-दहा मीटरवर. नर आता रंगात : हिरवं डोकं, पांढरी छाती, कुशीला तांबूस रंग, पिवळा डोळा. पाच-सहा जण चोच पाण्यात टेकवून एकमेकांच्या मागं गोल फिरत होते. फिरण्यानं पाणी ढवळून खालचं बारीक खाद्य वर येतं आणि पुढच्याच्या मागचा ते गाळून घेतो. एकानं डोकं वर केलं तेव्हा चोचीच्या कडेची जाळी उन्हात दिसली, बारीक फणीसारखी, आणि तिच्यातून पाणी गळत होतं. बांधावरून इतक्या वर्षांत हे कधी दिसलं नव्हतं.

निचरा योजनेच्या मोजणीची माणसं परवा येऊन गेली. मामांनी सही केलीय. मुख्य पाइप पूर्वेच्या कडेनं ओढ्याकडं जाणार. कामाला सुरुवात उन्हाळ्यात, रान कोरडं पडल्यावर. पाणी एका वर्षात उतरेल की दोन, ते वरच्या रानांच्या पाझरावर आहे. मोजणीची खुंटी पेटीपासून वीस पावलांवर ठोकलीय.

पुढची कामं :  मुरूम काढल्यावर आठही नटांना परत ग्रीस, रबरी टोप्या तडकल्या असतील तर नव्या. झाकणावरचा लव्हाळा बदलायचा. आजूबाजूचं रान आता पूर्ण पिवळं झालंय आणि झाकण हिरवट दिसतंय. पाइपातलं पाणी आज १२ सेंटीमीटरवर, पेटीची खूण जागेवर.